टॅबवर रेषा तुटते, थरथरते, दाब लागत नाही: नवं पेन मागवण्याआधी काय तपासायचं

नवा टॅब, नवं पेन, ड्रॉइंग ॲप उतरवलेलं, आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते की रेषा नीट येत नाही. चित्रकलेचा वर्ग घेताना मुलांचे आणि मोठ्यांचे टॅब लावून देणं हे माझं नेहमीचंच काम झालं आहे, आणि हाच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आले आहे. पेन खरंच बाद झालंय असं क्वचितच निघतं. तरीही घरचे आधी नवं पेन मागवतात, पैसे जातात आणि रेषा होती तशीच राहते. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासण्यांपासून सुरू होतो. खर्चाचं त्यानंतर, आणि सर्व्हिस सेंटर सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमची तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

– रेषा मधेच तुटते, किंवा पेन टेकवल्यावर पहिला थोडा भाग उमटतच नाही.
– तिरकी रेषा सावकाश ओढली की लाटेसारखी नागमोडी होते. भरभर ओढली तर ठीक दिसते.
– कितीही हलकं किंवा जोरात दाबलं तरी जाडी तीच राहते.
– हात टेकवला की भलतीकडेच ठिपके आणि रेघा उमटतात, किंवा काढलेलं आपोआप पुसलं जातं.
– पेन एकीकडे आणि रेषा त्याच्या बाजूला, विशेषतः कडेला.
– पेन पुढे जातं आणि रेषा मागून येते.
– काहीच उमटत नाही.

आधी चाचणीचं पान

हे पान काढल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. बदललेली सेटिंग्ज नंतर आठवत नाहीत, आणि मूळ दोष कुठे होता हे मग कळतच नाही.

नवा कोरा कॅनव्हास घ्या. ॲपसोबत आलेला साधा गोल ब्रश, काळा रंग, मध्यम जाडी. प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनवर ठेवून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेषा ओढा, पण अगदी सावकाश, आठ-दहा सेकंद लावून. मग पट्टीशिवाय एक आडवी रेषा, हलक्या हातानं सुरू करून शेवटी जोर वाढवत नेलेली. त्यानंतर बोटभर अंतरावर टिंबं, सगळ्या स्क्रीनभर, चारही कडांपर्यंत. शेवटी तळहात नेहमीसारखा टेकवून शेडिंगच्या छोट्या तिरक्या रेघा, भरभर.

आता हेच सगळं टॅबमध्ये आधीपासून असलेल्या नोट्सच्या ॲपमध्ये करून बघा. दोन्हीकडे तोच दोष दिसला तर तो पेनात, काचेत किंवा चार्जरमध्ये आहे. फक्त ड्रॉइंग ॲपमध्ये दिसला तर तो ॲपच्या सेटिंगमध्ये आहे आणि एक पैसाही खर्च न करता जाणार आहे. पाच मिनिटांच्या या कामानं निम्मी शोधाशोध वाचते.

चार्जर काढा, काच पुसा

टॅब चार्जिंगला लावून चित्र काढत असाल तर वायर काढा आणि तिरकी रेषा पुन्हा ओढा. स्वस्त चार्जरमधून येणारा विजेचा गोंधळ स्क्रीनच्या स्पर्श ओळखणाऱ्या थरापर्यंत पोचतो, आणि टॅबला बोट किंवा पेनाचं टोक नेमकं कुठे आहे हे ठरवता येत नाही. नागमोडी रेषा आणि आपोआप उमटणारे ठिपके या दोन्ही तक्रारींमध्ये हे कारण मला वारंवार सापडतं. वायर काढल्यावर रेषा सुधारली, तर टॅबसोबत आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर वापरा आणि चित्र शक्यतो बॅटरीवरच काढा.

चार्जिंगला असताना टॅबच्या धातूच्या पाठीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर चार्जर बदला. दुसऱ्या चार्जरवरही तसंच होत असेल, किंवा चक्क झटका बसत असेल, तर टॅबचा विषय बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. इथे स्वतः काही खोलून बघायचं नाही.

काच मऊ कोरड्या कापडानं पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हात सतत दमट असतो आणि तळहाताखाली घामाचा पातळ थर जमतो. पाण्याचा थेंबही टॅबला स्पर्शच वाटतो. करंगळी आणि अनामिका झाकणारा ड्रॉइंगचा हातमोजा यावर उत्तम, फार महागही नाही, आणि हात काचेवरून सरकतोही छान.

पेन नेमकं कोणतं आहे?

दाब लागत नाही या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं, म्हणून इथे जरा थांबते.

टॅबवर चालणारी पेनं ढोबळमानानं तीन जातींची. पहिली रबरी गोळीची किंवा पारदर्शक चकतीची. टॅबच्या लेखी ही पेनं म्हणजे बोटच. दाब कळणं शक्य नाही, आणि तळहात आणि टोक यांतला फरक टॅबला ओळखता येत नाही. दुसरी जात बॅटरीवर चालणाऱ्या पेनांची. ॲपल पेन्सिल यातलीच, आणि आयपॅडसाठी मिळणारी इतर कंपन्यांची स्वस्त पेनंही यातलीच. पण या स्वस्त पेनांतली बहुतेक फक्त जागा आणि कल सांगतात, दाब सांगत नाहीत. खोक्यावर 'पाम रिजेक्शन' (टेकलेल्या तळहाताकडे दुर्लक्ष करणं) लिहिलेलं असतं ते खरं असतं, पण त्याचा दाबाशी काही संबंध नाही. तिसरी जात सॅमसंगच्या एस पेनसारखी. याला रेषा काढायला बॅटरी लागतच नाही. काचेखालच्या पटलातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते. काही एस पेनं चार्ज करावी लागतात, पण ती दुरून बटण वापरण्याच्या आणि हवेतल्या इशाऱ्यांच्या सोयीसाठी. तेव्हा एस पेन संपलंय म्हणून रेषा येत नाही हे कारण असूच शकत नाही.

ॲपल पेन्सिलमध्येही सरसकट दाब असतो असं नाही. २०१५ ची पहिली, २०१८ ची दुसरी आणि २०२४ ची प्रो, या तिघींना दाब कळतो. २०२३ मध्ये आलेल्या यूएसबी-सी पेन्सिलला कळत नाही. ती स्वस्त पडते म्हणून पालक हौसेनं घेतात आणि मग मुलाची रेषा एकसारखी जाड येते. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, ती पेन्सिल तशीच आहे. शिवाय प्रत्येक पेन्सिल ठरावीक आयपॅडवरच चालते, म्हणून मॉडेल जुळतं का ते कंपनीच्या साइटवर बघून मगच खरेदी करा. सॅमसंगमध्ये टॅब एस मालिकेतले बहुतेक टॅब आणि एस६ लाइट यांना एस पेन चालतं. ए८, ए९, ए९ प्लस यांच्या काचेखाली ते पटलच नाही, त्यामुळे तिथे कितीही महागडं एस पेन आणलं तरी टिंबसुद्धा उमटणार नाही. इतर कंपन्यांच्या टॅबनाही सहसा त्यांच्याच ठरावीक मॉडेलचं पेन लागतं.

अँड्रॉइड टॅबवर दाब पोचतोय का, हे डोळ्यांनी बघता येतं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅबलेट', त्यात (सॅमसंगवर) 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन', आणि तिथल्या 'बिल्ड नंबर'वर सलग सात वेळा टॅप करा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील. त्यातलं 'पॉइंटर लोकेशन' सुरू केलं की स्क्रीनच्या वरच्या कडेला आकड्यांची पट्टी येते. पेन टेकवून हळूहळू दाबत जा. दाबाचा आकडा ० पासून १ कडे वाढत गेला तर पेन आणि टॅब दोन्ही ठीक आहेत आणि दोष ॲपमध्ये आहे. आकडा जागचा हलला नाही तर दाब टॅबपर्यंत पोचतच नाहीये. काम झाल्यावर ते बंद करा, आणि त्या यादीतल्या इतर कशालाही हात लावू नका.

दाब नसलेलं पेन फेकून द्यायची गरज नाही. बऱ्याच ॲपमध्ये रेषेची दोन्ही टोकं आपोआप निमुळती करणारी सोय असते. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या ड्रॉइंग ॲपमध्ये ती ब्रशच्या 'टेपर'मध्ये मिळते. वारलीसारख्या एकसारख्या जाडीच्या कामाला तर दाब लागतच नाही.

काहीच उमटत नाही, किंवा भलतंच होतं

हे ॲप नवीन असताना जवळजवळ सगळ्यांना होतं. या क्रमानं बघा: निवडलेला लेअर (चित्राच्या एकावर एक थरांपैकी एक) लपवलेला तर नाही? लेअर किंवा ब्रशची अपारदर्शकता शून्याजवळ तर नाही? रंग आणि कागद दोन्ही पांढरे तर नाहीत? पूर्वी केलेलं सिलेक्शन (चित्राचा ठरावीक भाग निवडणं) अजून चालू आहे का? सिलेक्शन चालू असेल तर त्या भागाबाहेर काहीच उमटत नाही, आणि झूम करून दुसरीकडे गेलेल्याला ते दिसतही नाही.

प्रोक्रिएट वापरणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी. लेअरवर दोन बोटं उजवीकडे सरकली की 'अल्फा लॉक' लागतो, म्हणजे आधी रंगवलेल्या जागेवरच रंग लागतो, कोऱ्या जागेवर नाही. लेअरच्या छोट्या चित्रामागे चौकटी दिसल्या तर तोच लागलाय. रेषेच्या शेवटी पेन न उचलता थांबलात तर ॲप ती रेषा आपोआप सरळ किंवा गोल करून देतं, तो बिघाड नाही. लेअरच्या नावाखाली 'असिस्टेड' लिहिलेलं असेल तर रेषा मार्गदर्शक रेघांना चिकटूनच जाणार. आणि सगळे मेनू एकदम गायब झाले असतील तर चार बोटं एकत्र टेकली आहेत, पुन्हा चार बोटांनी टॅप करा.

तळहाताचा त्रास

काढलेलं आपोआप पुसलं जातं, ही तक्रार ऐकून लोक घाबरतात. बहुतेक ॲपमध्ये दोन बोटांचा टॅप म्हणजे मागे जाणं. तळहाताची कड आणि करंगळी एकाच वेळी टेकली की टॅबला तो दोन बोटांचा टॅप वाटतो आणि शेवटची रेषा जाते. मुलांना शेडिंग करताना बघा, हात उचलून पुन्हा टेकवताना नेमकं हेच होतं.

उपाय म्हणजे बोटानं रंगवणं बंद करणं. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये 'ॲपल पेन्सिल' या भागात फक्त पेन्सिलनंच रेखाटण्याचा पर्याय आहे. प्रोक्रिएटमध्ये पान्याचं चिन्ह, 'प्रेफ्स', 'जेश्चर कंट्रोल्स', 'जनरल' असं जा.  बाकीच्या ॲपमध्ये स्टायलस किंवा पेनच्या नावाच्या भागात हीच सोय शोधा. पेन रबरी गोळीचं असेल तर मात्र हे करू नका, कारण ते टॅबच्या लेखी बोटच आहे आणि मग काहीच उमटणार नाही. तिथे हातमोजा हाच उपाय.

कडेला रेषा काढताना ॲप बंद होत असेल किंवा मागे जात असेल, तर ते टॅबचे कडेचे इशारे आहेत. सॅमसंगवर नेव्हिगेशन बारच्या सेटिंगमध्ये एस पेनसाठी हे इशारे अडवता येतात. आयपॅडवर पेन्सिल कोपऱ्यातून आत आणली की स्क्रीनशॉट किंवा टिपण उघडतं, तेही पेन्सिलच्याच सेटिंगमध्ये बंद होतं.

निब, चार्ज, कव्हर

ॲपल पेन्सिलचं टोक आट्यांवर बसवलेलं असतं. पेन्सिल बॅगेत फिरून ते सैल होतं आणि मग रेषा तुटायला लागते किंवा दाब एकाएकी कमी-जास्त होतो. पेन्सिल उभी धरून टोक दोन बोटांत पकडा आणि उजवीकडे फिरवत हलकेच घट्ट करा. पक्कड लावू नका. एस पेनची निब फिरवायची नसते, ती चिमट्यानं सरळ ओढून काढतात आणि नवी दाबून बसवतात. दोन्हींची टोकं झिजतात. टोकावरून नखाची कड फिरवा. गोल न लागता एका बाजूला सपाट किंवा धारदार लागलं तर बदला, कारण धारदार टोकानं काचेवर ओरखडे पडतात. निबचा खर्च नव्या पेनाच्या मानानं फारच कमी असतो.

बॅटरीवालं पेन असेल तर चार्ज बघा. आयपॅडवर 'बॅटरीज' विजेटमध्ये पेन्सिलचा आकडा दिसतो. पहिल्या पेन्सिलला १५ सेकंद चार्जिंगवर साधारण अर्धा तास काम मिळतं, तेव्हा तपासायला इतकंच पुरे. दुसऱ्या पेन्सिलला कडेला चिकटून चार्ज व्हायचं असतं, आणि जाड कव्हर मधे आलं की ते होत नाही. चार्ज असूनही ओळखत नसेल तर ब्लूटूथच्या यादीतून पेन्सिल काढून टाका, टॅब बंद करून सुरू करा आणि पुन्हा जोडा. परीक्षेच्या काळात कपाटात ठेवलेली पेन्सिल कित्येक महिन्यांनी बाहेर निघाली आणि चार्जच होत नसेल, तर आतली बॅटरी पार उतरून मेलेली असू शकते. ही पेनं उघडून बॅटरी बदलण्यासारखी बनवलेली नाहीत, उघडू नका.

एस पेनची रेषा स्क्रीनच्या एका ठरावीक पट्ट्यात वाकडी जात असेल किंवा बाजूला सरकत असेल तर कव्हर पूर्ण काढा. झाकणाच्या कडेत चुंबक असतात. झाकण मागे दुमडून ठेवलं की ते नेमके स्क्रीनच्या पाठीशी येतात आणि पेनाच्या चुंबकीय क्षेत्रात ढवळाढवळ करतात. टॅब लाकडी टेबलावर ठेवून टिंबांची चाचणी पुन्हा घ्या. चुंबकी झाकणाचा डबा किंवा स्पीकर खाली-शेजारी नको.

रेषा मागून येते

यात दोष बहुधा कॅनव्हासच्या आकारात असतो. ए४ कागद ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) घेतला की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, आणि एका लेअरला साधारण ३५ एमबी मेमरी लागते. ए३ घेतलात की दुप्पट. त्यावर वीस लेअर आणि मोठा वॉटरकलर ब्रश, मग स्वस्त टॅब दमणारच. सराव निम्म्या मापात करा आणि छापायचं असेल तेव्हाच पूर्ण माप घ्या. पॉवर सेव्हिंग बंद करा. रेषा स्थिर करणारी सोय, जिला कुठे 'स्ट्रीमलाइन' तर कुठे 'स्टॅबिलायझर' म्हणतात, ती जास्त ठेवली तरी रेषा मागून येते. नागमोडी रेषा लपवायला ती कमाल मापावर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. त्यानं दोष झाकला जातो, आणि हाताला रेषेचं वळण कधी कळतच नाही.

दाब लागतोय पण मनासारखा नाही, तर दाबाचा आलेख बदला. प्रोक्रिएटमध्ये 'प्रेफ्स'मधल्या 'प्रेशर अँड स्मूदिंग'मध्ये, क्रिटा या ड्रॉइंग ॲपमध्ये टॅबलेट सेटिंग्जमध्ये. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी केलेल्या मुलांना कागदावर जोर देऊन शेडिंग करायची सवय असते. त्यांची रेषा टॅबवर लगेच कमाल जाडीला पोचते. आलेख मधोमध थोडा खाली ओढला की हलक्या छटांना जागा मिळते.

स्क्रीन गार्ड

हे उशिरा सांगते, कारण काढलेला गार्ड परत लावता येत नाही. जाड टेम्पर्ड काचेमुळे टोक आणि रेषा यांत अंतर दिसतं, आणि खाली हवेचा फुगा असेल तिथे रेषा तुटते. टिंबांच्या चाचणीत गाळलेली टिंबं नेमकी फुग्यावर किंवा तड्यावर येत असतील तर गार्ड काढा. कागदासारख्या खरखरीत फिल्मवर हात छान चालतो, पण निब लवकर झिजते, हे गृहीत धरूनच ती लावा.

ॲप काढून पुन्हा टाकण्याआधी

टॅब बंद करून सुरू करा, ॲप आणि सिस्टिम अपडेट करा. एवढं करायला हरकत नाही. पण ॲप उडवून पुन्हा टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी थांबा. प्रोक्रिएटमधली चित्रं ॲपच्या आतच असतात. ॲप उडवलं की तीही गेली. इतर बऱ्याच ॲपचंही तसंच आहे. म्हणून आधी प्रत्येक चित्र ॲपच्या मूळ फाइल प्रकारात बाहेर काढा, म्हणजे लेअर टिकतील. ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तिथून एक फाइल उघडून बघा. मुलाचं वर्षभराचं काम गेलं की ते परत आणून देणं कुणाच्याही हातात नसतं.

इथे थांबा

आतापर्यंतचं सगळं करूनही चाचणीचं पान सुधारलं नसेल, तर शेवटची एक तपासणी. तुमचं पेन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टॅबवर चालवून बघा, ओळखीच्यांकडे किंवा दुकानातल्या डेमो टॅबवर. तिथे नीट चाललं तर दोष टॅबमध्ये, नाही चाललं तर पेनात. नवं पेन घ्यायचं ते यानंतरच.

पुढचं काहीही दिसलं तर घरी आणखी प्रयोग न करता सर्व्हिस सेंटर गाठा: काच कडेनं उचलल्यासारखी दिसते किंवा टॅबची पाठ फुगली आहे, टॅब खूप गरम होतो, काचेला तडा आहे, पाणी आत गेलं आहे, एका ठरावीक जागी पेनही चालत नाही आणि बोटही. फुगलेली बॅटरी असेल तर टॅब बंद करा, चार्जिंगला अजिबात लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका.

टॅब जुना विकत घेतलेला असेल तर काच कधी बदलली आहे का ते विचारा. मूळ नसलेली काच बसवलेल्या आयपॅडवर बोटाचं काम बिनबोभाट चालतं, पण पेन्सिलची रेषा नागमोडी येऊ शकते, आणि कोणतीही सेटिंग ती सरळ करू शकत नाही. दुरुस्तीला देतानाही हे आधीच बोलून घ्या: बसवणार तो भाग मूळ कंपनीचा आहे का, आणि पेन चालवून दाखवूनच टॅब परत देणार का. चित्रांची प्रत काढल्याशिवाय टॅब देऊ नका, दुरुस्तीत सगळं पुसलं जाऊ शकतं. बिल, पेन आणि चाचणीच्या पानाचा फोनवर काढलेला फोटो सोबत न्या. रेषा बरोबर येत नाही एवढंच सांगितलं तर काउंटरवरचा माणूस बोटानं स्क्रीन सरकवून बघतो आणि टॅब ठीक आहे म्हणून परत देतो. सावकाश ओढलेली तिरकी रेषा त्याच्यासमोर काढून दाखवा.